मे महिन्यातले एकतीस अंश

चोपड्याजवळच्या आमच्या गावात भिकुबाईंनी यंदा केळी लावली. नवरा गेल्यानंतरची ही त्यांची पहिली लागवड. दीर म्हणाले होते, बाईमाणसाला केळी झेपत नाही, शेत बटाईनं देऊन टाका. भिकुबाईंनी रोपं आणली.

पुतण्या रोहिदास धुळ्याला कॉलेजात संगणक शिकवतो. त्यानं त्यांच्या गच्चीवर हवामानाची पेटी बसवली. ती तापमान आणि ओलावा मोजते आणि आकडे वायरीतून खालच्या खोलीतल्या संगणकाला देते. संगणकाला आकडे आत घ्यायची दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. त्यातल्या एका दाराशी रोहिदासचा प्रोग्राम वाट बघत बसलेला असतो. पारा चाळिशीपुढे गेला की तो ठिबकचं पाणी वाढवतो. भिकुबाईंना हे लगेच पटलं. दाराशी कुणीतरी बसलेलं असलं की घर नीट चालतं, असं त्यांचं मत आहे.

मे महिन्यात गावातली कुत्री गटारीत जाऊन बसली. रोपांनी माना टाकल्या. प्रोग्राम मात्र एकतीस अंश दाखवत होता, आणि हवेत ओलावा कोकणातल्यासारखा. पाणी काही वाढलं नाही. शिकलेल्या माणसाच्या कामात हात घालू नये म्हणून भिकुबाईंनी व्हॉल्व्हला हात लावला नाही. दीर बांधावर आले आणि माना टाकलेली रोपं मोजू लागले. मग मात्र भिकुबाईंनी धुळ्याला फोन केला.

रोहिदासनं वायर बदलली. संगणक बंद करून चालू केला. पोर्टवर येणारे आकडे तपासले, ते अगदी शिस्तीत येत होते. शेवटी तो गच्चीवर गेला. पेटीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं, माठाला गुंडाळतात तसं, वरून सुतळी बांधून. भिकुबाई मागोमाग आल्या आणि म्हणाल्या, रोज सकाळी मीच भिजवते.

“काकू, ते ऊन मोजाले उनमाच ठेवेल शे.”

“मंग मोजू दे ना. पन सारा दिन उनमा उभं ऱ्हास बिचारं. जळी जाई.”

“ते नही जळस. केळी जळी ऱ्हायनी.”

भिकुबाईंनी मग खाली जाऊन विळा आणला आणि सुतळी स्वतःच कापली. बघता बघता आकडा चव्वेचाळीसवर गेला आणि शेतात पाणी वाढलं.

बांधाकडच्या दोन ओळी गेल्या, बाकीची रोपं सावरली. दिरांनी नेमक्या त्याच दोन ओळी बघून पुन्हा बटाईचा विषय काढला. तिथं मृगात नवी रोपं लागतील, असं भिकुबाईंनी त्यांना सांगितलं आणि चहा दिला.

दुपारी गच्चीवर जाणं मात्र त्यांनी सोडलंय. बघवत नाही म्हणतात. त्यांचे पापड हल्ली शेजारच्या बेबाबाईंच्या गच्चीवर वाळतात.