सत्तारमास्तर कुठे थांबायचे

मोबाइलवर आलेलं गाणं पुढे ढकलण्याआधी, ते ज्या घरात जाऊन वाजणार त्या घरात आज काय चाललंय, हे तुम्ही कधी विचारलंय का?

आमच्या दर्यापूरच्या बॅण्डचे सत्तारमास्तर विचारायचे. वरातीपुढे क्लॅरनेट वाजवताना त्यांची नजर नवरदेवाच्या घोड्यावर नसे, दारांवर असे. गल्लीत कुणाकडे मयत झालेली असली की त्या घराच्या तीन घरं आधीच मास्तरांचा हात वर जाई आणि अख्खा बॅण्ड मुका होई. नाचणारे ओरडायचे, "ओ मास्तर, सेल उतरले काय?" मास्तर मान खाली घालून चालत राहत. ते घर मागे पडलं की तोडलेला सूर नेमका तिथूनच उचलत.

कापूस दरसाल दगा देऊ लागला त्या वर्षांत ही थांबायची ठिकाणं वाढली. "आज एका गल्लीत चारदा थांबलो," ते एकदा म्हणाले. "वाजवलं कमी, चाललो जास्त." पुढे लग्नंच आखडती झाली, आणि जी झाली ती डीजेवर. क्लॅरनेट पेटीत गेला.

मी तेव्हा अमरावतीत शिकत होते आणि चळवळीची पत्रकं वाटत होते. बाजाराने कलावंताला बेकार केलं तर त्याने थेट लोकांकडे जावं, मधला दलाल नको, असं माझं ठाम मत होतं. मी मास्तरांचं चॅनल काढलं. पहिल्या व्हिडिओत आधी मीच चार मिनिटं बोलले, कापसाच्या भावापासून सांस्कृतिक मक्तेदारीपर्यंत. मास्तर वाजवू लागेतो ऐकायला कुणी उरलंच नव्हतं.

"बेटा, वरातीत आधी भाषन अस्ते काय?" मास्तर म्हणाले. "लोक नाचाले येतात. त्यायले नाचू दे, मंग सांग तुले काय सांगाचं ते."

मी गप्प बसायला शिकले. दर रविवारी एकच धून, तीन मिनिटं, खाली गावाचं नाव. ऐकणारा जी फर्माइश लिही ती पुढच्या रविवारी, त्याचं नाव घेऊन. माणसं वाढली. अकोल्याहून एका लग्नाची विचारणाही आली. मास्तरांनी बॅण्डच्या लाल कोटाला इस्त्री केली.

मग लाइव्ह करायचं ठरलं. मोबाइल स्टुलावर उभा केला, बघणारे जमू लागले. मास्तरांनी क्लॅरनेट ओठाला लावला आणि खाली घेतला.

"हे आता कोनाकोनाच्या घरात वाजनार?"

"जे बघताहेत त्या सगळ्यांच्या, चाचा."

"त्यात मयतीचं घर कोनतं?"

"ते कसं कळणार?"

"मंग मी थांबू कुठं?"

"ज्याला नको तो बंद करेल," मी म्हणाले.

"म्हंजे ज्याच्या घरी मेलं, त्यानंच उठाचं?"

लाइव्ह झालंच नाही. नवे व्हिडिओही थांबले. तुमच्या हट्टापायी हा क्लॅरनेट पेटीतच मरेल, असं मी त्यांना तोंडावर बोलले आणि पुढचे दोन महिने तिकडे फिरकले नाही. जुने व्हिडिओ मात्र मी काढले नाहीत. त्यांनीही काढ म्हटलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मास्तर गेले. मी पोचले तेव्हा घर बायकांनी भरलेलं होतं. तेवढ्यात कुणाच्या तरी मोबाइलवर त्यांचीच वरातीची धून मोठ्याने सुरू झाली. गावच्या ग्रुपवर कुणीतरी श्रद्धांजली म्हणून टाकली होती. मी बंद करायला धावले. मास्तरांच्या बायकोने, चाचींनी, माझं मनगट धरलं.

"रहने दे, बेटा. बजा लेने दे उनको."

म्हणजे मास्तर चुकले होते? की त्या घरापुरतं ते वाजणं बरोबर होतं आणि दुसऱ्या घरात नसतं? मला अजून कळत नाही. चॅनल ठेवावं की पुसावं, तेही ठरत नाही. लाल कोट चाचींच्या खुंटीवर तसाच आहे.

म्हणून एवढंच मागते. मास्तरांचं वादन जरूर पाठवा, पण ग्रुपवर टाकू नका. एका माणसाला फोन लावा, आणि आधी विचारा, "घरी सगळं बरं आहे ना?" उत्तर येईपर्यंत थांबा.