एक कळशी, एक वेणी

२२ फेब्रुवारी २०२५, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. भांडुपच्या आमच्या स्वयंपाकघरातला पितळी नळ प्लंबरने पान्याने सोडवला आणि ओट्यावर आडवा ठेवला. तो नळ माझ्याहून वयाने मोठा होता. त्याची मूठ एकाच बाजूने झिजलेली होती, आईच्या अंगठ्याच्या बाजूने.

मी शाळेत असताना पाणी आले की आई नळाखाली कळशी लावी, मला पाटावर बसवी आणि वेणी घालायला घेई. कळशी भरत आली की पाण्याचा आवाज चढत जाई. पाणी कळशीच्या गळ्याशी पोचेपर्यंत आई रिबिनीच्या गाठीवर आलेली असे. भांड्यातला हवेचा स्तंभ आखडला की स्वर उंचावतो, हे मी पुढे भौतिकशास्त्रात शिकले. माझ्या डोक्याला ते आधीच ठाऊक होते. आमच्या घरात काळाचे एकक ठरलेले होते: एक कळशी, एक वेणी.

मग आईच्या बोटांचे सांधे सुजले. ती मुठीला ओले फडके गुंडाळून नळ फिरवू लागली. एका सकाळी तो उघडला, पण तिच्याने बंद होईना. मी प्रयोगशाळेत होते. पाणी उंबऱ्याबाहेर गेल्यावर शेजारणीने येऊन बंद केला. त्याच आठवड्यात आई हवापालटाचे कारण सांगून कोकणात मामाकडे गेली आणि तिथेच राहिली.

म्हणून हा नवा नळ, एका बोटाने उचलता येणाऱ्या दांडीचा. दाब, धातू, दांडीला लागणारे बळ, सारे पारखून मी तो आणला होता. प्लंबरने आट्यांवर पांढरी पट्टी गुंडाळून तो बसवला, आणि मी कळशी लावायला गेले तर ती नळाखाली शिरेना.

“आता कळशी कोण भरतं, मॅडम?” तो म्हणाला.

आई भरते, असे मी सांगितले. त्याने वाद घातला नाही. दुकानातून उंच मानेचा नळ बदलून आणला आणि दुपारपर्यंत जोडून दिला.

दुसऱ्या दिवशी पाणी आल्यावर मी आईला फोन लावला आणि तो नळाजवळ धरला. दांडी किती हलकी आहे, तिची करंगळीसुद्धा पुरेल, हे मी जरा जास्तच सविस्तर सांगितले. ती ऐकत होती, पण माझे नव्हे. पाण्याचा स्वर गळ्याशी पोचला, मी दांडी खाली केली, तेव्हा ती म्हणाली, “बेगीन भरली गो. येवढ्यात वेणी खंय होता?”

मी म्हटले, वेणी नाहीच. केस मानेपर्यंत कापले आहेत. सकाळी वेळ वाचतो.

पलीकडे मामीच्या कोंबड्यांचा कलकलाट ऐकू येत राहिला. मग मी सरळच विचारले, “येतेस ना?”

“आदी केस वाढव,” ती म्हणाली. “मगे येतंय.”

तिने ते थट्टेत म्हटले की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही. पण तेव्हापासून मी केस कापलेले नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, कळशी भरत असताना, मानेपासून केसांच्या टोकापर्यंत मोजपट्टी लावते आणि आकडा आईला कळवते. ती फक्त “बरां” म्हणते. परवाचा आकडा: साडेअठरा सेंटिमीटर.