दादाची पाण्यातली मेथी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी उधव्याला आमच्या घरी भाकऱ्या थापत होते. "सुमनबाय, तुझा दादा गेला गं," एवढंच ती बोलू शकली. सकाळी परसात भाजीचं पाणी बघायला गेला, दमल्यासारखा खाली बसला, तो उठलाच नाही. आधी मला रडू आलं नाही, राग आला. असं न सांगता जातात होय रे, असं मी त्या तव्यासमोर मोठ्याने म्हणाले... महिना होऊन गेला, राग अजून गेलेला नाही. फक्त आता तो माझ्यावरच आहे.

दादा वरोरचा, सगळा जन्म होडीवर गेलेला. मीही तिथलीच. शेतकऱ्याच्या मुलाशी लग्न करते म्हटल्यावर घरात आकांत झाला होता. मासे सुकवणारी पोर शेतात काय करणार, जातीबाहेर कशी देणार, एक ना दोन. एकटा दादा माझ्या बाजूने उभा राहिला. "संसार तिला करायचाय, तुमच्या पोटात का दुखतं?" असं त्याने सगळ्यांना सुनावलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही, असं मी ज्याला त्याला सांगत फिरायचे. सांगायला काय जातं!

पाठीचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याची होडी बंद केली. वाकायचं नाही, ओढायचं नाही. दादा भिंतीकडे तोंड करून बसू लागला. अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचा. हा माणूस आता असाच विझत जाणार, या धास्तीने वहिनी फोनवर रडायची. मग एक दिवस मोबाइलवर त्याने मातीशिवाय भाजी करणारा कुणीतरी पाहिला आणि उठला. परसात तर नुसती वाळू. "माती मला कधी कळली नाही, बाय. पाणी कळतं," म्हणाला. मासळीचे रिकामे थर्माकोलचे खोके कमरेएवढ्या ओट्यावर मांडले, म्हणजे वाकायला नको. झाकणांना भोकं, भोकांत काथ्या भरलेले कप, खाली खत विरघळवलेलं पाणी आणि त्यात लोंबणारी मुळं. पहिला पालक चार दिवसांत करपला. का, तर दादाने खोके किनाऱ्यावर नेऊन समुद्राच्या पाण्याने खंगाळून आणले होते! जन्माची सवय, दुसरं काय. मी फोनवर हसून हसून बेजार झाले, आणि तोही हसला... ऑपरेशननंतर पहिल्यांदा. पुढे खोके नळाच्या पाण्याने धुवायचा आणि शेवटच्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावून बघायचा. खारट लागलं की पुन्हा धुवायचा.

मग मात्र भाजी अशी माजली की सांगता सोय नाही. गल्लीने कौतुक केलं. पण त्याला ते नको होतं. शेतकऱ्याच्या घरात नांदणाऱ्या बहिणीने एकदा 'झकास' म्हणावं, एवढंच हवं होतं. आमचे हे दर रविवारी डहाणूच्या बाजारात जायचे, येताना वरोरहून मेथीची जुडी आणायचे. आणि मी? मी ती म्हशीपुढे टाकायचे. माती न लागलेली भाजी ती कसली, तिच्यात सत्त्व कुठलं, असा माझा तोरा. सासरच्यांनाही नव्हती एवढी घमेंड मला त्या मातीची. संध्याकाळी तो फोन करायचा. मी "बरी होती" म्हणायचे आणि विषय बदलायचे. दोन वर्षं माझ्या भावाशी मी अशी खोटं बोलले.

तेराव्यानंतर वहिनीसोबत परसात गेले. पाणी आता तीच बघत होती. ओट्याच्या टोकाला एक खोका वेगळा होता. आत चक्क काळी माती, आणि वर कोवळी, भरगच्च मेथी.

"हा तुझा," वहिनी म्हणाली. "दिवाळीपासून तुला यातलीच जुडी जायची. भाऊजींकडून तुमच्याच शेतातली गोणीभर माती मागवली होती त्याने."

मी विचारलं, "म्हणजे म्हशीचं त्याला कळलं होतं?"

"भाऊजींच्या तोंडून निघून गेलं एकदा. रागावला नाही गं. तिला मातीतलीच गोड लागते ना, मग तिच्यापुरती मातीत लावू, म्हणाला. तुला सांगायचं नाही, अशी भाऊजींना शपथ घातली."

दिवाळीपासूनच्या त्या सगळ्या जुड्याही म्हशीनेच खाल्ल्या होत्या. वहिनीच्या गळ्यात पडून मी ओक्साबोक्शी रडले. तिलाही ते सांगायचं धाडस मला झालं नाही, आज इथे लिहितेय.

निघताना वहिनी त्या मातीतली मेथी काढायला गेली. मी तिचा हात धरला. शेजारच्या खोक्याचं झाकण उचललं, पांढऱ्या, ओल्या मुळांसकट पाण्यातली मेथी काढली आणि उधव्याला आणली. रात्री ती परतली आणि घरात सगळ्यांच्या आधी माझ्या ताटात वाढून घेतली.

झकास होती रे, दादा.