गणपतीतला कूलर

धरमपेठेतल्या आमच्या वाचनकट्ट्यावर दर महिन्याला एक कथा ठरते आणि एकीने उठून तिच्यावर बोलायचं असतं. मी वर्षभर टाळाटाळ केली. बाकीच्या बायकांना खिडकीत एकटेपण दिसायचं, विझलेल्या चुलीत संसार दिसायचा. मला चुलीत चूलच दिसायची. जन्मभर गणित शिकवलेली बाई मी. लिहिलंय त्याच्या पलीकडे काही असतं आणि ते मला सोडून सगळ्यांना दिसतं, याचा मनातून फार राग यायचा. शेवटी या महिन्याची कथा माझ्या गळ्यात पडलीच. रविवारी उभं राहून काय बोलायचं, या धास्तीने ती पुन्हा पुन्हा वाचली आणि दर वेळी कोरडीच बाहेर आले.

त्यातच ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. हे म्हणजे माझे यजमान, मौद्याच्या वीज केंद्रात यंत्रांची देखभाल करून निवृत्त झालेले. काळा चष्मा लावून खुर्चीत बसायचं, पेपर नाही, टीव्ही नाही. माणूस पार वैतागला होता. एका दुपारी म्हटलं, चला, ह्यांनाच कथा वाचून दाखवू. तेवढाच माझाही सराव.

कथा नागपूरचीच. एक जोडपं, नवरा घुमा. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी तो बाल्कनीत उभा राहून पाइपने कूलरमध्ये पाणी भरायचा आणि टाकी भरेपर्यंत स्वयंपाकघरातल्या बायकोला खिडकीतून दिवसभराचं सांगायचा. टाकी भरली की बोलणं बंद. पुढे पानंच्या पानं तिचं रोजचं साधं जगणं. शेवटी घरोघरी गणपती बसलेले असतात आणि ती संध्याकाळी बाल्कनीत जाऊन कूलर भरते.

"थांब, थांब," हे म्हणाले. "गणपतीत कूलर? काहून?"

"जे लिहिलं आहे तेच वाचून राहिली मी."

"अवं, तोपर्यंत आपल्याकडे कूलरच्या गवताच्या ताट्या काढून, टाकी पुसून, वरतून कापड बांधून होते. पाणी सडन, डास होतीन. या लेखिकेले नागपूरच माहीत नाही."

माझंही अगदी हेच मत होतं. नागपूरच्या कोणत्याही माणसाचं असतं. मी तर समासात पेन्सिलीने 'चूक' असं लिहूनही ठेवलं होतं, पेपर तपासायची सवय काही जात नाही.

"भरल्यावर सुरू तरी करते का?" ह्यांनी विचारलं.

मी पुढची ओळ पाहिली. "नाही. नुसती पाइप धरून उभी राहते."

"अन् नवरा कुठी आहे तिचा?"

मी पानं मागे उलटली. आणखी मागे उलटली. उन्हाळ्यानंतर त्याचा एक शब्द नव्हता, चप्पल नव्हती, जेवणाचं ताट नव्हतं. तो गेला असं लेखिकेने कुठेच म्हटलं नव्हतं आणि तो नाही हे इतक्यांदा वाचूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"तो पाणी भरतानाच बोलायचा ना," मी म्हणाले. "म्हणून भरून राहिली ती."

ह्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "मग भरू दे तिले." आणि बोट चष्म्याखाली जायला लागलं.

"डोळ्याले पाणी लावू नका म्हटलं आहे डॉक्टरनं!" मी ओरडले आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. मी अर्थ भलतीकडेच शोधत होते. तो नेमका मी 'चूक' लिहिलं तिथे होता. नागपूरची बाई गणपतीत कूलर भरत नाही, हे लेखिकेला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तिने तो भरायला लावला.

रविवारी उभी राहिले आणि बोलले. 'प्रतीक' हा शब्द काही वापरला नाही. समासातली 'चूक' दाखवली तेव्हा बायका हसल्या. मग ती चूक का नाही ते सांगितलं. एकीने डोळे पुसले. तिला कोणी मनाई केलेली नव्हती.

घरी आले ती हवेतच. ह्यांनी दारातच विचारलं, "कसं झालं?" मी सगळं रंगवून सांगितलं. हे मान हलवत होते, पण लक्ष भलतीकडेच.

"काय झालं?" मी विचारलं.

"ती बाई," हे म्हणाले, "हिवाळ्यात काय करन वं?"

कथेत ते दिलेलं नव्हतं. मी खांद्यावरची पर्सही न काढता ह्यांच्याजवळ बसले.