आबांचं नाक

माझे वडील, आमचे आबा, असोद्याचे केळी-कपाशीचे शेतकरी आणि भरिताच्या बाबतीत महाखडूस माणूस. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलीत की गॅसवर, हे ते ताट समोर यायच्या आधीच ओळखत आणि आईच्या भरितात काहीतरी खोट काढत. मग नाक चोंदलं, वर्षं गेली तरी सुटेना. वासच गेला. आबा प्रत्येक भरिताला ‘झकास’ म्हणू लागले, तसा आईचा चेहरा उतरला.

“यायले काय कयतं आता,” यांना आता चव कळायची नाही, अशा सुरात ती म्हणायची.

आबांचा नाकावरचा इलाज कपाशीवरचाच, कीड दिसली की फवारा. मेडिकलमधून अँटिबायोटिकची पट्टी आणायची, जरा बरं वाटलं की उरलेली खिडकीत टाकायची. शेवटी मी त्यांना धुळ्याला माझ्याकडे आणलं आणि देवपुरातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी दुर्बीण घालून पडद्यावर आतली सूज दाखवली, तिच्यावरचा चिकट पिवळा थरही.

“आबा, ठिबकच्या नळीत बुळबुळीत थर धरतो ना, तसाच हा. जंतू त्याच्या आड राहतात, औषध पोचत नाही. आणि नाकात चांगले जंतूही असतात. तुमच्या गोळ्यांनी तेही मरतात.”

आबा पडद्याकडे बघत म्हणाले, “म्हंजे म्या मित्रकिडीबी मारल्या.”

“अगदी बरोबर!” बाई खूश झाल्या. इतकं सोपं सांगणारी डॉक्टर आणि इतक्या पटकन समजून घेणारा रोगी, मला दोघांचंही फार कौतुक वाटलं. बाईंनी थराचा नमुना तपासायला पाठवला, मनाने गोळ्या घेणं बंद केलं, सूज उतरवणारा स्प्रे दिला आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुवायला शिकवलं. वास परत येईलच, असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत.

ठिबकच्या नळ्या धुणाऱ्या आबांनी गावी परतल्यावर नाकही त्याच निष्ठेने धुतलं. रोज सकाळी मोरीवर वाकून, एका नाकपुडीत पाणी घालून दुसरीतून काढत. शेजारचे हसले, तरी आबा ढिम्म. मला नसतं जमलं.

हिवाळ्यात मी गावी गेलो होतो. आबा ओसरीवर बसलेले, आई आत भरिताला फोडणी देत होती. ओसरीवरूनच आबा ओरडले, “लसूण जयाला व!”

खरंच करपला होता. आई झारा हातात घेऊन बाहेर आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“आजून काय चुकलं, तेबी सांगा,” ती म्हणाली.