बिरो, बी. ए.

निमोण्याच्या पल्याड माळावर कॉलेज आलं, त्याआधीपासून तिथं दोघं होते. एक बिरोबा, दुसरा तात्याबा धनगर. बिरोबाचं ठाणं म्हणजे आठ फुटांची दगडी खोली आणि आत भंडाऱ्यानं पिवळा झालेला तांदळा, म्हणजे देव मानलेला बिनघडीव दगड. तात्याबाच्या वाडवडिलांची मेंढरं याच माळावर बसायची. १९९४ साली त्यानं जमीन कॉलेजला दिली ती एका बोलीवर, की देवाला हलवायचं नाही. बोली तोंडीच राहिली. कागदावर आला तो तात्याबाचा अंगठा आणि बदल्यात वॉचमनची नोकरी.

कॉलेजच्या इमारतींचा इतिहास त्याच्याइतका कुणालाच ठाऊक नव्हता. नव्या पोरांना तो सावकाश हिंडवून दाखवी. "ही लायब्री. हितं आमी कोकरं कोंडायचो. ही लॅब. हितं लांडग्यानं सात मेंढ्या फाडल्या." शेवटी ठाण्यापाशी थांबून म्हणे, "आन् ह्यो समद्यात जुना. सात पिढ्या झाल्या, जागचा हलला न्हाई."

२००१ साली नवं ऑफिस बांधायचं ठरलं आणि नकाशात ते नेमकं ठाण्यावर आलं. प्राचार्य मारुतराव म्हणाले, "आबा, देवाला जरा कडेला घेऊ." त्या दिवसापासून तात्याबा ठाण्याच्या उंबऱ्यावर बसून जेवू लागला.

पाडायच्या जुन्या इमारतींची यादी परवानगीसाठी विद्यापीठात गेली. क्लार्क ज्ञानदेवानं 'बिरोबा' इंग्रजीत टाइप केलं, पण रकाना अरुंद पडला आणि शेवटची दोन अक्षरं खालच्या ओळीत उतरली. तिकडं वाचणाऱ्यानं त्या दोन अक्षरांची पदवी केली. बिरो नावाचे कुणी बी. ए. झालेले गृहस्थ कॉलेजात आठ फुटांच्या खोलीत राहतात, असा त्यानं अर्थ लावला.

मग तपासणीला विद्यापीठाची कमिटी आली. त्या दिवशी सगळं कॉलेज मारुतरावांच्या मेव्हण्याच्या लग्नाला दौंडला गेलेलं. मागं एकटा तात्याबा. ऊन असं, की कमिटीचे साहेब लायब्ररीच्या ओट्यावरून उठेनात.

"बिरो सर आहेत का?" त्यांनी विचारलं.

तात्याबाला भरून आलं. पुण्याचा शिकलेला माणूस देवाला सर म्हणतोय.

"हायेत की. जाग्यावरच असत्यात."

"रजा वगैरे?"

"कवाच न्हाई. दिवाळीतबी हितंच."

"स्वभाव कसा आहे?"

"शांत. पन कुनी वाकडं वागलं तर सोडत न्हाईत."

"मुलांना शिकवतात?"

"आमच्या सात पिढ्यांना त्येंनीच वळन लावलं."

"भेटता येईल?"

"येईल की. आंघूळ करून या."

साहेबांनी रुमालानं मान पुसली आणि लिहायला घेतलं.

महिन्यानं पत्र आलं. 'तपासणीच्या दिवशी जागेवर असलेले एकमेव कर्मचारी श्री. बिरो. ते सेवेत असेपर्यंत त्यांची खोली पाडू नये. निवृत्तीचा दिवस ठरवण्यासाठी जन्मतारीख कळवावी.'

मारुतरावांनी ते दोनदा वाचलं. खरं कळवावं, तर बाकीचे सगळे त्या दिवशी कुठं होते हेही सांगावं लागणार. त्यांनी कागद ज्ञानदेवापुढं सरकवला.

ज्ञानदेवानं तात्याबाला बोलावून सगळं समजावून सांगितलं. म्हणाला, "आबा, एक जून तर धरलीच हाय. शाळंत घातलेली समदी एक जूनचीच. साल सांगा."

"सात पिढ्या झाल्या."

"मंग त्यो कवाच रिटायर झाला. अठ्ठावन्नाच्या वर गेला की खोली पाडायला मोकळे."

तात्याबा बाकावर बसला. सगळा जन्म देवाचं जुनेपण मिरवण्यात गेला होता. गावोगावच्या धनगरांपुढं त्यानं कधी एक पिढी कमी सांगितली नव्हती. त्यानं पटका काढला, पुन्हा बांधला. ज्ञानदेवाचा चहा पिऊन झाला.

"आमच्या पोराच्या, संपतच्या मागं दोन वर्सं," तो खाली बघत म्हणाला.

"संपत कवाचा?"

"भात्तरच्या दुष्काळातला."

"म्हंजी चौऱ्याहत्तर. बत्तीस सालापातुर खोलीला कुनी हात लावत न्हाई."

घरी धुरपदानं ताट वाढलं. नवरा घास घेईना, तशी ती म्हणाली, "काय झालं?"

"लहान केला त्याला."

"कुनाला?"

"बिरोबाला. संपतपरास दोन वर्सांनी."

धुरपदानं ताटात कालवण वाढलं. "मंग आता थोरल्यानं धाकट्याच्या पाया पडायचं व्हय?"

तात्याबानं भाकरी मोडली.

"पडंल की. संपत सातवी नापास हाय. ह्यो बी. ए. झालाय."