हिरवीगार राहिलेली रोपं

प्रयोगशाळेत सगळे खुशीत होते, फक्त श्यामलाला चैन पडत नव्हती.

इंदिरानगरात राहणारी श्यामला टोमॅटोच्या रोगांवर काम करायची. बोकड्या हा पानं आक्रसवणारा विषाणू. पांढरी माशी त्याला झाडोझाडी नेते. रोगट झाडावर पोसलेल्या माश्या प्रयोगशाळेत तयार केलेल्या टोमॅटोच्या नव्या वाणावर सोडल्या, तरी एक पान मुडपलं नाही.

"वाण तगडा निघाला!" प्रयोगशाळेचे प्रमुख दिवाकर सर म्हणाले. "या हंगामात शेतकऱ्यांना रोपं वाटू."

गिरणारे गावच्या शेतकरी कलाबाईंनी तर वाफेही करून ठेवले होते.

घाईत तुलनेची साधी रोपं ठेवायची राहिली होती. तेच श्यामलाला टोचत होतं. तिनं त्याच माश्या बोकड्याला हमखास बळी पडणाऱ्या जुन्या वाणावर सोडल्या. तीही रोपं हिरवीगार! माश्या बदलल्या, तरी तेच. त्याच रोपांवर रोगट फांदीचं कलम बांधलं, तेव्हा मात्र पानं आक्रसली. म्हणजे विषाणू जिवंत होता, माशीवर बसायचं तेवढं विसरला होता.

घरी जेवताना तिच्या लक्षात आलं. हा विषाणू आपण वर्षानुवर्षं कलमं बांधूनच जगवला. त्याला माशीची गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं कलाबाईंच्या शेतातून रोगट फांदी आणली. त्यावर पोसलेल्या माश्यांनी तीन आठवड्यांत नवा वाण पार चुरगाळून टाकला. जनुकीय तपासणीत कारणही सापडलं: प्रयोगशाळेतल्या विषाणूच्या बाहेरच्या कवचाच्या जनुकात बदल झाले होते, आणि त्यामुळे माशी त्याला पुढे नेऊ शकत नव्हती.

दिवाकर सरांनी तपासणीचा अहवाल वाचला. मग म्हणाले, "वाटप थांबव."

कलाबाईंना सांगायला श्यामला स्वतः गेली.

"मंग लस टोचल्यावानी आमच्या वावरात तोच लंगडा रोग सोडा की," कलाबाई चिडून म्हणाल्या. "माशीला नेता येत नाय ना?"

"तो पुन्हा बदलला तर, मावशी? सोडलेला परत बोलावता येत नाही."

"मंग मी काय लावू? लय आशेवर होते, पोरी."

कलाबाईंनी पदर खोचला आणि त्याच वाफ्यांत मेथीचं बी फेकायला घेतलं. श्यामला बांधावर उभी राहून पाहत होती. वाण फसवा निघाला, हे कळलं होतं. पण खरा तगडा वाण कुठे शोधायचा, या विचारानं तिला परतीच्या बसमध्येही धड बसवेना.